ती ओळ फुकट

शेफील्डच्या एका सायंदैनिकात
एकोणीस वर्षं मी मेलेल्यांच्या जाहिराती घेतो.
शब्दाला पंचेचाळीस पेनी, फोटोचे वेगळे.
एक ओळ मात्र आमच्याकडे छापून तयारच असते:
'आजाराशी ब्रेव्ह झुंज देऊन.'
ती फुकट.

जानेवारीतल्या एका मंगळवारी
ईनिड स्टॅनिफर्थबाई आल्या, बुटांना खडे नि मीठ,
म्हणाल्या, तो शब्द काढा.
मी म्हटलं, बाई, काढला तरी पैसे तेवढेच.
म्हणाल्या, काढा.

'ब्रेव्ह म्हणतात ते सुई टोचून घेणाऱ्या पोराला.
वर एक स्टिकर देतात.
विल्फला नाही कुणी स्टिकर दिलं.
तो भ्यायला होता. रोज.
पलंगाची दांडी धरून बसायचा,
वळणावर ट्राममध्ये धरतात तशी.'

मागे रांग नव्हती.
ड्रॉवरमधून माझी यादी काढली,
इतक्या वर्षांत जमलेली, चहाच्या कपाचं गोल उमटलेली,
आणि चपलांचा दुकानदार खोकी उघडतो
तसा एकेक शब्द त्यांच्यापुढे ठेवत गेलो.

करेज?
'त्यात काळीज आहे म्हणतात, फ्रेंचांचं.
त्याचं तर आधी तेच बिघडलं.'

व्हेलर?
'ते चौकातल्या दगडावर.
त्यावर कबुतरं बसतात.'

प्लक म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा हसल्या.
हिल्सबरोला बत्तीस वर्षं विल्फचं मटणाचं दुकान.
प्लक म्हणजे काय हे बाईंना मी काय सांगणार:
मेंढीच्या छातीतून एका हिसक्यात ओढलेलं
काळीज, फुप्फुस, यकृत, एकाच नळीला लोंबणारं,
सकाळी साडेसहाला आकड्यावर.
'लहान देशांना म्हणतात प्लकी, नि तीन पायांच्या कुत्र्याला.
म्हणजे हरणार, हे म्हणणाऱ्याला ठाऊक असतं.'

गट्स त्याच बादलीतला.
त्यांनी नुसता हात हलवला.

नर्व्ह?
'तो होता. पण आगाऊपणा या अर्थी.
डॉक्टरीणबाईंना म्हणाला, तुमचे हात गार आहेत,
माझ्याकडे कामाला असता तर चालले असते.'

मेटल लिहायचे दोन प्रकार, बोलायचा एकच.
एक रक्तातला, एक भट्टीतला.
भट्ट्या विझल्या तेव्हा या गावाने
दोन्ही किलोवर विकले.

बॉटल मी उच्चारलाच नाही.
तो आमच्यात फक्त हरवतो,
सापडल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

तेवढ्यात खिडकीबाहेरून पिवळा दिवा फिरवत
रस्त्यावर खडे फेकणारी गाडी चढ चढून गेली.
ग्रिट, मी म्हणालो.
बाई बराच वेळ बाहेर बघत राहिल्या.
मग स्वतःच्या पायांकडे.
'अगंबाई, कार्पेट खराब केलं की मी तुमचं.'

जाता जाता, हातमोजे घालताना:
'सकाळी उठून मला अंडं उकडून द्यायचा.
चार मिनिटं, घड्याळ लावून.
शेवटच्या गुरुवारीसुद्धा.
हात इतका थरथरत होता
की भांड्यात सोडतानाच कवच तडकलं,
पांढरं सगळं बाहेर आलं.
म्हणाला, घे, आज फुलासकट आहे.
याला काय शब्द आहे तुमच्याकडे?'

मी यादी उलटून पाहिली.
मागच्या बाजूला फक्त किराणा होता.

छापलं ते असं:
'विल्फ स्टॅनिफर्थ, खाटीक, हिल्सबरो.
भीत होता. रोज अंडं उकडायचा.'
नऊ शब्द. चार पौंड पाच पेनी.

पान लागताना वरून फोन आला,
ठरलेली ओळ राहिली वाटतं.
राहिली नाही, म्हणालो.
पलीकडे जरा शांतता.
पुन्हा म्हणालो, राहिली नाही, साहेब,
आणि फोन ठेवताना बघतो तर
डाव्या हाताने
टेबलाची कड घट्ट धरलेली.